पिवळ्या रेषेच्या अलीकडे

तो चार पानी कागद घरात एकट्या चेलनाने वाचला. ज्याच्यासाठी तो आला होता त्या तिच्या दिराने, अखिलनेही वाचला नव्हता. ‘पाहुण्या वैमानिकांसाठी सूचना’ असं वर ठळक लिहिलेलं आणि शेवटी सही करून परत पाठवायचं. अखिलने मोबाइलवर शेवटचं पान काढलं, बोट फिरवून सही केली आणि चहा मागवला. चेलनाने मात्र घरच्या दाळ मिलच्या ऑफिसातून कागद छापून आणला आणि जेवणाच्या टेबलाशी बसून, पेन्सिलीने खुणा करत, तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला.

“झालं,” तिचा नवरा मनन म्हणाला, “आता विमानाचीही एक्सपायरी डेट शोधणार ही.”

सासरी तिला ‘लेबलवाली’ म्हणत. जळगावहून लग्न होऊन ती धुळ्याला आली ती केमिस्ट्रीची पदवी घेऊन. खोकल्याच्या औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी वाचल्याशिवाय ती मुलीला, विधीला, चमचा लावायची नाही. गॅसवाल्याने सिलिंडर जोडला की साबणाचा फेस लावून बघायची. सगळे हसायचे. हसण्याचं तिला फारसं वाटत नसे. वाटायचं ते याचं, की सहा वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं, बाई, त्या चिठ्ठीत लिहिलंय तरी काय.

या कागदात लिहिलं होतं ते असं. धुळ्याजवळच्या पिंपळशिवारची खासगी धावपट्टी साडेसहाशे मीटरची, आणि तिचं डांबर जागोजागी ठिगळं लावलेलं. येण्याआधी फोन करून वेळ घ्यायची. उतरण्याआधी वरून एक फेरी मारून पट्टी बघायची, कारण तिच्यावर गुरं येतात आणि हंगामात गावची माणसं मका वाळत घालतात. उत्तरेला आश्रमशाळा आहे, म्हणून वळायचं ते दक्षिणेलाच. इंजिन चालू असताना पिवळ्या रेषेच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही. वाऱ्याची पिशवी कुठे फुगलीय ते बघायचं आणि वारा तोंडावर घेऊनच उडायचं. दहाव्या नियमाखाली चेलनाने दोन रेघा ओढल्या. पारा चाळिशीच्या वर गेला की उड्डाण बंद. एरवीसुद्धा माणसं, सामान, सगळं काट्यावर घालून वजनाचा तक्ता भरल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पुढे एका ओळीत समजावलेलं होतं, तापलेली हवा पातळ होते, पंखांना पुरेसा टेकू देत नाही, मग विमानाला पळायला जास्त पट्टी लागते. कागद कुणी लिहिला कोण जाणे. पण लिहिणाऱ्याने कधीतरी काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असणार, असं तिला वाटलं.

निमित्त होतं आजेसासूबाईंचं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झमकूबाईंनी वर्षीतप केला होता. एक दिवस निव्वळ उपास, एक दिवस जेवण, असं वर्षाच्या वर. अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. त्याआधी वरघोडा, म्हणजे त्यांना बग्गीत बसवून गावातून मिरवणूक, आणि मिरवणुकीवर विमानातून गुलाबाच्या पाकळ्या. ही शेवटची कल्पना सासऱ्यांची, माणकचंदांची. भाड्याचं हेलिकॉप्टर आणून फुलं टाकणारे पुष्कळ झाले होते. पण घरचा मुलगा घरचं विमान घेऊन आला असं धुळ्यात कुणाकडे झालं नव्हतं. अखिल, त्यांचा धाकटा, दोन वर्षांपूर्वी लायसन काढून बसला होता आणि इंदूरच्या दोन मित्रांबरोबर त्याने चार सीटांचं एक विमान भागीत घेतलं होतं. फुलं टाकायची खास परवानगी माणकचंदांनी कुठून कुठून फोन करून मिळवली. पत्रिकेत सोनेरी अक्षरांत छापून आलं, ‘पणती चि. विधी हिच्या शुभहस्ते आकाशातून पुष्पवृष्टी.’

विधी साडेचार वर्षांची होती.

“मला न विचारता छापलंत,” चेलना मननला म्हणाली.

“विचारायचं काय त्यात? मुलीचा मान आहे.”

“मान तिचाच आहे ना, मग तिला गच्चीतून टाकू दे फुलं.”

“गच्चीतून टाकायला विमान कशाला लागतं मग?” मनन म्हणाला. मान मुलीचा नव्हे, विमानाचा होता, हे आपण बोलून गेलो ते त्याला कळलंही नाही.

मग ती अखिलला गाठून बोलली. “भाऊ, दहावा नियम वाचलात?”

“भाभी, साडेआठला उडायचं, नऊच्या आत खाली. पारा चाळिशीला पोचेपर्यंत आपण पारण्याच्या पंगतीत बसलेले असू.” तो हसला. “तुमच्या पोरीला मी तुमच्यापेक्षा जपून आणतो की नाही बघा.”

आदल्या दिवशी त्याने विमान आणून पिंपळशिवारला उतरवलं तेही सुरेख, धक्का न लागता. चेलनाने ते पाहिलं होतं. साडेआठ, असं ती मनाशी म्हणत राहिली. साडेआठला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

आणि दिवस उजाडला तो असा. आठ वाजता मंडळी धावपट्टीवर हजर. दोन गाड्या भरून नातेवाईक, मिलचा टेम्पो, टेम्पोत पाकळ्यांची दहा पोती. पट्टीच्या कडेला, लांबीच्या मध्यावर एक पत्र्याची शेड, शेडवर लाल-पांढरी वाऱ्याची पिशवी, समोर जमिनीवर रुंद पिवळी रेषा आणि रेषेपलीकडे ते पांढरं विमान, एखाद्या मोटारीला पंख लावावेत एवढंच. शेडमध्ये खुर्ची टाकून बसलेले गृहस्थ म्हणजे भाईदास नाना. हवाई दलात जमिनीवरचं काम करून निवृत्त झालेले, आता या पट्टीची सगळी देखरेख त्यांच्याकडे. त्यांनी विधीला स्टूल दिलं, चेलनाला पाणी दिलं. “बसा ताई. वारं आते चांगलं शे,” ते म्हणाले.

सव्वाआठला गावातून फोन आला. मिरवणुकीला ज्यांच्या हस्ते झेंडा दाखवायचा ते पाहुणे नाशिकहून निघाले नव्हते.

नऊ वाजले. साडेनऊ. दहाला पाहुणे मालेगावला पोचल्याचं कळलं. नातेवाईक पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला, कुंपणाच्या बाहेर कडुलिंबांची दाट सावली होती तिथे सतरंज्या टाकून बसले. कुणी फरसाण फोडलं, कुणी पत्ते काढले. तासातासाने ड्रायव्हर टेम्पोत चढून पोत्यांवर पाइपने पाणी मारून यायचा, पाकळ्या सुकू नयेत म्हणून. उन्हात ती ओली पोती वाफाळू लागली. आधी गुलाबाचा वास होता. अकरापर्यंत त्याला मंदिरामागच्या निर्माल्याच्या खड्ड्यासारखा आंबूस दर्प आला. विधी पोत्याजवळ गेली आणि नाक धरून परत आली.

“मम्मा, फुलं सडली.”

“हो.”

“दादींच्या अंगावर हीच टाकायची?”

चेलनाला डोळ्यांपुढे बग्गीत बसलेल्या झमकूबाई दिसत होत्या. परवा संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवलेली बाई. आजही पोटात पाण्याचा थेंब नाही, डोक्यावर जरीचं छत, आणि ती थांबलीय, कारण एक पुढारी नाशिकहून निघाला नाही आणि एक विमान उडालं नाही. म्हातारीने वर्षभर तोंडावर ताबा ठेवला, आणि तिच्या पोरानातवंडांना एका सकाळपुरताही हौसेवर ताबा ठेवता येत नव्हता.

पावणेबाराला फोन आला, निघा. शेडच्या भिंतीवरच्या थर्मामीटरमध्ये पारा बेचाळीसवर होता.

सगळ्यांची एकच धांदल उडाली. चेलना उठून भाईदास नानांकडे गेली. “नाना, आता उड्डाण होत नाही ना?”

नानांनी थर्मामीटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “तुम्ही वाचेल शे का कागद?”

“वाचलाय.”

“आजलोंग पाहुण्याच्या घरच्या कोणी वाचेल नव्हता,” ते म्हणाले आणि उठून अखिलकडे गेले. “साहेब, बेचाळीस झालं. पाच वाजेनंतर पाहू.”

अखिलने गॉगल वर केला. “नाना, मिरवणूक निघाली. पाच वाजता मी फुलं कुणावर टाकू?”

“मग तक्ता तरी दाखाडा.”

अखिलने खिशातून वजनाचा तक्ता काढला. वैमानिक, मनन, व्हिडिओवाला पंडित, विधी, इंधन, आणि फुलं पंचवीस किलो.

“पंचवीस कशी?” चेलनाने विचारलं.

“दहा पोती, अडीच-अडीच किलो. फुलवाल्याने सांगितलं.”

चेलना टेम्पोकडे गेली आणि तिने एक पोतं दोन्ही हातांनी उचलायला घेतलं. विधी सोळा किलोची. साडेचार वर्षं रोज कडेवर घेऊन तिच्या हातांना ते वजन बोटाच्या मापासारखं ठाऊक झालं होतं. पोतं निम्म्या विधीएवढं भरलं. तळातून लालसर पाणी गळून तिच्या साडीवर आलं, आणि तो वास हातांना चिकटला.

“हे साताच्या वर आहे,” ती म्हणाली. “सकाळपासून पाणी पितंय. नाना, काटा आहे ना तुमच्याकडे?”

शेडमध्ये काटा होता. पण तो बाहेर यायच्या आत माणकचंद आले, पांढरा सफारी, कपाळावर केशराचा टिळा.

“काय चाललंय?”

“फुलं तोलायची आहेत, बाबूजी.”

“फुलं?” त्यांना खरोखरच कळेना. “देवाचं आहे ते, चेलना. वाहायच्या वस्तूला कुणी काटा लावतं का?”

या माणसाने उभ्या आयुष्यात न तोलता काही घेतलं नव्हतं. तुरीची ओंजळ हातात घेऊन दाण्यातला ओलावा सांगायचा. मुलाच्या लग्नात मिठाईचा प्रत्येक डबा मिलच्या काट्यावरून गेला होता. पण देवाला वाहायचं ते तोलायचं नाही, हे त्यांच्यात तितकंच पक्कं होतं. म्हणूनच भाव करून घेतलेली ही फुलं मागणीबरहुकूम आलीत की नाही तेसुद्धा घरात कुणी बघितलं नव्हतं. चेलनाला तिटकारा त्या श्रद्धेचा आला नाही. श्रद्धा तिचीही होती. तिटकारा आला तो याचा, की एवढ्या हिशेबी घराला नेमकं न तोलण्याचं पुण्य याच सकाळी आठवावं.

“विमानाला ठाऊक नाही ना, बाबूजी, की हे देवाचं आहे.”

माणकचंदांनी तिच्याकडे न बघता मोबाइल काढला आणि पट्टीच्या मालकाला फोन लावला. दोन वाक्यं बोलले. एका मिनिटाने नानांचा फोन वाजला. नाना “हा साहेब, हा साहेब” म्हणाले. फोन खिशात ठेवल्यावर त्यांनी चेलनाकडे पाहिलंच नाही.

“नाना?”

“माले बठ्ठं समजस, ताई,” ते हळू म्हणाले. “पन वरतून सांगेल शे. आते मी काय करू?”

अखिल मात्र पोत्यांकडे बघत उभा होता. त्याने एक पोतं पायाने हलवून पाहिलं आणि त्याचा चेहरा किंचित बदलला. वजन त्यालाही कळलं, हे चेलनाने पाहिलं. पोती कमी करा म्हणाला असता तर तिने त्याला मोठं मानलं असतं.

“मनन, तू उतर,” तो म्हणाला. “थोडं हलकं करू. पोती असू देत, आणि विधीला घेऊ. तिचं काय, सोळा किलो.”

मनन आधीच आत जाऊन बसला होता. तो उतरला. फार लगबगीने उतरला. चेलना त्याच्यापासून दहा पावलांवर होती. खाली पाय टेकताना त्याच्या तोंडावर सुटकेचं जे काही येऊन गेलं ते तिने नीट, पूर्ण पाहिलं. रात्रभर हा माणूस कूस बदलत होता, ते का, हे तिला आत्ता कळलं. घाबरण्याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं, ती स्वतः तीन दिवस घाबरलेलीच होती. पण हा घाबरून उतरला आणि पोरीला न्यायला मागे वळला.

“चल बेटा, काका बोलावतोय.”

तेवढ्यात इंजिन सुरू झालं. पुढचा पंखा दिसेनासा झाला, गरम वाऱ्याचा झोत आला, खडी उडाली. पंडित मागच्या सीटवर कॅमेरा घेऊन पोत्यांमध्ये चेपून बसला होता. अखिलने खिडकीतून हात काढून खूण केली, आणा तिला इकडे.

चेलना पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभी होती, विधीला कडेवर घेऊन.

“दे,” मनन म्हणाला.

“नाही.”

“पत्रिकेत नाव आहे तिचं.”

“असू दे.”

“चेलना, सगळे बघतायत. तमाशा करू नकोस.”

“मी काही करत नाहीये. नुसती उभी आहे.”

मननने विधीच्या काखेत हात घातले. विधीला जायचं होतं. ती वडिलांकडे झेपावली, चेलनाने तिचे दोन्ही पाय आपल्या कमरेशी आवळून धरले, आणि क्षणभर ते पोर दोघांच्या मध्ये ताणलं गेलं. विधी कळवळून रडली तेव्हा मननने सोडलं.

“पंख्याशेजारून नेणार होतास तिला,” चेलना म्हणाली. “चालू पंख्याशेजारून. बघ तरी किती अंतर आहे.”

मननने पाहिलं नाही. त्याने अखिलला हातवारे करून सांगितलं, जा तू, राहू दे. माणकचंद तोवर पूर्वेकडच्या सावलीत जाऊन तिथून हे बघत होते. तिथून शब्द ऐकू येण्यासारखे नव्हते, पण त्यांनी पाठ फिरवली ती चेलनाला इथून दिसली.

विमान निघालं. पट्टीच्या पश्चिमेच्या टोकाला जाऊन ते पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं. पूर्वेला सगळे नातेवाईक होते, त्यांच्या डोक्यांवरून जायचं होतं. वाऱ्याची पिशवीही पूर्वेकडेच ताठ फुगली होती.

“वारं मागून शे,” भाईदास नाना हातातल्या वॉकीटॉकीत बोलले. “साहेब, वारं मागून शे, फिरा.” उत्तर आलं नाही. ते परत बोलले, मग नुसतेच ते यंत्र तोंडाशी धरून उभे राहिले.

विमान त्यांच्यासमोरून पळत गेलं. जमिनीला चिकटलेलंच गेलं. अर्धी पट्टी संपली, तरी चाकं जमिनीवर. मग एकदा उचललं आणि पुन्हा टेकलं, रबर किंचाळलं. चेलनाने विधीचं डोकं आपल्या खांद्यात दाबलं. आपण हे का करतोय हे तिला तेव्हा कळलं नाही, हात आपोआप गेला. कुंपणाच्या तारा जवळ आल्या, आणि त्यांच्या अगदी तोंडाशी विमान सुटं झालं, वर गेलं म्हणता येणार नाही, नुसतं सुटं झालं. कुंपणापलीकडच्या बाभळीचे शेंडे हलले. कडुलिंबाखालचे लोक वाकले, सतरंजीवरचे पत्ते उडाले.

मग टाळ्या वाजल्या.

सगळेच वाजवत होते. कुणी शिट्टी मारली. अखिलने मुद्दाम आपल्या डोक्यांना घासून नेलं, असं त्यांना वाटलं होतं. माणकचंदांनी दोन्ही हात वर करून नमस्कार केला, सत्कार स्वीकारावा तसा.

नाना तोवर कुंपणाकडे चालू लागले होते. तीही विधीला घेऊन मागोमाग गेली. डांबर संपत होतं तिथे नाना थांबले. चाकांचे काळे ओरखडे ताजे होते, आणि ते जिथे संपत होते तिथून नानांनी तारेपर्यंत पावलं टाकली.

“नऊ,” ते म्हणाले.

चेलनाने त्या नऊ पावलांकडे पाहिलं, मग कडेवरच्या पोरीकडे. सोळा किलो आणखी असते तर किती, हा हिशेब तिने पुढे केला नाही. नानांनीही केला नाही.

पाऊण तासाने विमान परत आलं. मननला गावातून फोन आले होते, मागच्या वाऱ्याने निम्म्याहून जास्त पाकळ्या बसस्टँडवर पडल्या, बग्गीवर दोन-चार मूठ; पण लोकांनी विमान पाहिलं, बस झालं. इंजिन थांबल्यावर पंडित खाली उतरला आणि विमानाच्या सावलीत चक्क मांडी घालून बसला. कॅमेऱ्याला त्याने हात लावला नाही. अखिल सरळ शेडच्या मागे गेला. चेलना विधीला पाणी द्यायला तिथल्या माठाकडे गेली होती. तिने त्याला भिंतीला हात टेकून ओकताना पाहिलं.

तिने पेला भरून पुढे केला. त्याने चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं.

“भाभी,” तो म्हणाला, “मला वाटलं गेलो.”

“माहितीय.”

“बरं झालं तुम्ही विधीला...” मग त्याने रुमालाने तोंड पुसलं. “पण घरी नका सांगू. बाबूजींना तर नकोच. आजच्या दिवशी नको.”

तिला क्षणभर त्याची कीव आली. हा निदान खरं बोलला. ती काही म्हणणार तेवढ्यात माणकचंद आणि दहाबारा मंडळी शेडच्या पुढे येऊन पोचली. अखिल गॉगल लावून बाहेर गेला आणि लोकांनी त्याला मिठ्या मारल्या.

“काय भिडू, आमच्या टोप्याच उडवायच्या होत्या का?” कुणीतरी म्हणालं.

“तुम्हाला जवळून दाखवायचं होतं,” अखिल हसत म्हणाला.

चेलनाने पेला माठावर उपडा ठेवला.

“आता पोती रिकामी झाली,” माणकचंद म्हणाले. “विमान हलकं आहे. विधीला एक फेरी मारून आण. खाली फुलं नसली तरी चालेल, तिचा वरून फोटो तरी पाहिजे. पत्रिकेत छापलंय, लोक विचारतील.” मग चेलनाकडे वळून, आवाज न चढवता, “मघाशी काय झालं ते मी विसरलो. पोरीला द्या.”

सगळे अखिलकडे बघत होते. चेलनाही बघत होती. एवढंच म्हणायचं होतं त्याला, नाही. ओकून दोन मिनिटं झाली नव्हती. शर्ट पाठीला चिकटला होता, गुडघ्याला माती होती.

“पाच मिनिटं द्या, बाबूजी,” तो म्हणाला. “इंजिन थोडं थंड होऊ दे.”

आतापर्यंत तिला जे वाटत होतं ते राग, भीती, कंटाळा असं सगळं मिसळलेलं होतं. आता त्यातलं एकच उरलं. सडक्या फुलांचं पाणी अंगावर सांडावं तशी तिला या सगळ्यांची किळस आली, अखिलच्या गॉगलची, सासऱ्यांच्या टिळ्याची, नवऱ्याच्या खाली घातलेल्या मानेची. आणि आश्चर्य म्हणजे त्या किळसेने तिची भीती गेली.

ती शेडमध्ये गेली. “नाना, असं काही घडलं तर तुम्ही कुठे लिहिता?”

नानांनी टेबलावरचं जाड रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. “आठे. पानापानावर नंबर शे. एकदा लिखं की मंग तपासनी करणारा मानूस येवापर्यंत ते इमान हालत नई. मालकनी सांगं तरी नई.” त्यांनी पेन उचललं, झाकण काढलं आणि तसंच हातात धरून बसले. त्यांची बोटं म्हातारी होती. “मना नोकरीना दीड वरीस बाकी शे, ताई.”

“मी लिहिलं तर चालतं?”

“जो डोयानी देखे तो लिखू शकस. आसं नियममाच शे.”

तिने पेन घेतलं. विधीला टेबलावर बसवलं आणि उभ्यानेच लिहायला सुरुवात केली. तारीख, वेळ. तापमान बेचाळीस. वारा पश्चिमेचा, उड्डाण पूर्वेकडे. फुलांचं वजन तक्त्यात पंचवीस किलो, काट्यावर घालू दिलं नाही, हाताच्या अंदाजाने सत्तरच्या वर. चाकं एकदा उचलून पुन्हा टेकली. शेवटचा ओरखडा कुंपणापासून नऊ पावलांवर. उतरल्यावर वैमानिकाला उलटी झाली, ‘मला वाटलं गेलो’ असं तो म्हणाला.

“हेही लिहितेयस?” मनन दारात येऊन उभा होता. त्याने शेवटची ओळ वाचली होती. “तो म्हणाला असं?”

“विचार त्याला.”

मनन वळून बघत राहिला. बाहेर अखिल कुणाला तरी सेल्फीत घेत होता. मनन तिकडे गेला नाही, दारातच उभा राहिला.

माणकचंद आले तेव्हा ती सही करत होती. पूर्ण नाव, गल्लीसकट पत्ता. त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवून वाचलं, सावकाश, बोट ठेवून. हा कागद मात्र त्यांनी अक्षरन् अक्षर वाचला.

“फाड हे पान,” ते म्हणाले.

“नंबर आहेत पानांवर.”

“घरच्या मुलाबद्दल सून असं लिहिते?”

“घरच्या मुलीसाठी लिहिलं, बाबूजी.”

नाना उठले. त्यांनी कोपऱ्यातल्या लाकडी पाचरी घेतल्या, पिवळ्या रेषेपलीकडे गेले आणि विमानाच्या चाकांपुढे एक-एक करून ठोकून बसवल्या. ठोकण्याचा आवाज सावलीतल्या लोकांपर्यंत गेला. अखिलने फोन खाली केला. त्याने पाचरींकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, आणि जवळच्या खुर्चीवर बसला. अंगातली सगळी हवा निघून गेल्यासारखा, पण सकाळपासून पहिल्यांदाच नीट श्वास घेतल्यासारखा. त्याच्या चेहऱ्यावरचं ते बरं वाटणं बघून चेलनाला त्याची आणखीच घृणा आली. नाही म्हणण्याचं काम त्याने तिच्यावर टाकलं होतं, आणि उद्या घरी वाईट तीच ठरणार होती.

“मम्मा, मी नाही जायचं विमानात?” विधीने विचारलं.

“नाही.”

“कधीच?”

“मोठी झालीस की जा. कागद वाचून जा.”

विधीने ओठ काढला आणि भोकाड पसरलं. चेलनाने तिला गप्प केलं नाही. तिला कडेवर घेऊन ती गाडीकडे निघाली, कारण गावात अजून ती म्हातारी पारण्याची थांबली होती आणि तिला रस पाजायला घरातलं कुणीतरी वेळेवर पोचायला हवं होतं.